पदक विषयाला, टिकली ती कारागिरी

१९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ लागला. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला आणि बाबूराव पेंटरांना सुवर्णपदक आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. हा गौरव नेमका कशाचा होता? खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, कारण कीचकात लोकांना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता. त्याच कथेवर दहा वर्षांनी कोल्हापूरच्या एका चित्रकाराने, स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने, विलायती मदतीशिवाय चित्रपट उभा केला. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या नेत्याला यात काय दिसलं असेल, हे वेगळं सांगायला नको. पण त्या पदकामागे राजकारण होतं म्हणून चित्रपट त्या मानाचा नव्हता असं ठरत नाही, आणि टिळकांनी गौरवला म्हणून तो आपोआप थोरही ठरत नाही. गाजलेले, पदकं मिळवलेले चित्रपट त्या कौतुकाला खरोखर उतरतात का, हा प्रश्न दरवर्षी पुरस्कारांच्या याद्या आल्या की नव्याने विचारला जातो. कोल्हापूरच्या चित्रपटांचा शंभर वर्षांचा इतिहास समोर ठेवला तर त्याचं एक बऱ्यापैकी ठाम उत्तर मिळतं. निवड करणाऱ्यांचं बोट बहुतेक वेळा योग्य चित्रपटावर पडलं, मात्र निवडीचं कारण देताना ते चुकले. त्यांनी विषयाला मान दिला आणि चित्रपट जगला तो कारागिरीवर.

ती कारागिरी कुठून आली हे पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, आणि त्यांचे मावसभाऊ-चुलतभाऊ म्हणून कुठे कुठे सांगितले जाणारे आनंदराव हे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. रस्ता, राजवाडा, अरण्य कापडावर इतकं खरं उठवायचं की लांबच्या प्रेक्षकाला खोली भासली पाहिजे, हा त्यांचा रोजचा धंदा. दोघांनी मिळून कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाची मदत केली. स्त्रियांची कामं पुरुषांनी करायच्या त्या काळात ‘सैरंध्री’त बायकांनीच ती केली. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की थिएटरात लोक घाबरले आणि तो भाग पुढे कापावा लागला, असं त्या काळच्या आठवणींत सांगितलं जातं. घाबरलेला तो प्रेक्षक कर्झनचा विचार करत नव्हता, त्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस मारला जात होता. आणि कोल्हापूरला हे कळलं होतं असं म्हणायला आधार आहे. या शहराने बाबूरावांची आठवण म्हणून खरी कॉर्नरला जो मानस्तंभ उभारला, त्यावर कुठला देव नाही, कुठल्या चित्रपटातला नायक नाही. त्यावर कॅमेरा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘सैरंध्री’ आज उपलब्धच नाही, मग त्याला पात्र-अपात्र ठरवणार कोण? नायट्रेटच्या फिती जळाल्या, चिकटल्या, चांदीसाठी वितळवल्या गेल्या. मूकपटांच्या त्या पिढीतलं फारच थोडं हाती उरलं. १९२५ चा ‘सावकारी पाश’ही गेला. तरीही पुरावा अगदीच नाही असं नाही, आणि ‘सावकारी पाश’च्या बाबतीत तर इतिहासाने आपल्यासाठी जणू प्रयोगच करून ठेवला आहे. नारायण हरी आपट्यांची कथा, जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी, त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. देवादिकांच्या पटांना सरावलेल्या प्रेक्षकाने त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही, समीक्षकांनी मात्र डोक्यावर घेतला. आजही भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात तिथून सांगतात. याच बाबूरावांनी हीच कथा १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केली. विषय तोच, दिग्दर्शक तोच, वर संवादांची जोड. तरी लोकांच्या तोंडी राहिला तो मूकपटच. सगळं श्रेय विषयाचं असतं तर दोन्ही चित्रपट सारखे लक्षात राहायला हवे होते. आणि मूकपट ज्यांनी पाहिला त्यांच्या आठवणीत सावकारीवरचं भाष्य आधी येत नाही. येते ती अंधुक उजेडातली एक झोपडी आणि तिच्यापाशी रडणारं कुत्रं. पडदे रंगवणाऱ्या हाताने प्रकाश किती टाकायचा आणि किती राखायचा हे जाणलं होतं, म्हणून ते दृश्य बघणाऱ्याच्या मनात घर करून राहिलं.

महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात सुरू केली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. कोल्हापूरच्या काळातला ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) सुदैवाने टिकला आहे; दुर्गा खोट्यांची तारामती आजही पाहता येते. पण कौतुकाची खरी कसोटी लागते ती ‘संत तुकाराम’ला. १९३६ चा हा चित्रपट पुण्यात झाला असला तरी त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल दोघेही बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली आणि मुंबईच्या एकाच थिएटरात तो वर्षाहून अधिक काळ चालला. व्हेनिसच्या परीक्षकांना अभंग कळले नसणार, देहू आणि पंढरपूर कुठे हेही ठाऊक नसणार, मग त्यांनी काय पाहिलं, असा संशय घेता येतो. माझ्या मते म्हणूनच त्यांचा निर्वाळा जास्त विश्वासाचा आहे. तुकारामाची बायको जिजाई आजारी पोराला फरफटत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन पांडुरंगापुढे उभी राहते, तो प्रसंग भाषा न कळताही कळतो. भुकेल्या घराचा संताप त्या बाईच्या चालीत, दंडाच्या ताणात, कंबरेला खोचलेल्या लुगड्यात आहे. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम शांत राहतो आणि चित्रपट त्या दोघांत कुणाचीही बाजू घेत नाही. भक्तिपटाने देवाला इतका मोकळा जाब विचारू द्यावा हे आजही थक्क करतं. इथे कौतुक आणि चित्रपट यांत अंतर नाही.

हेच शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) बद्दल म्हणता येईल का? राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, बर्लिनचं रौप्य अस्वल, अमेरिकेत गोल्डन ग्लोबच्या सोहळ्यातला सॅम्युएल गोल्डविन सन्मान. कोल्हापुरात जन्मलेल्या दिग्दर्शकाच्या वाट्याला एवढं एकत्र क्वचितच आलं असेल. कथेचं मूळ औंध संस्थानातल्या, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात आहे. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर, हा विषय त्या दशकातल्या जगाला हवाच होता. पण आज पाहताना जिथे पात्रं विचार मांडू लागतात तिथे चित्रपट अडखळतो, आणि जिथे सहा माणसं उजाड जमिनीवर राबताना नुसती दिसतात तिथे तो पुन्हा उभा राहतो. त्यांच्याच ‘पिंजरा’ (१९७२) ला मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तमासगिरणीमुळे मास्तराचा नाश होतो ही त्यातली मांडणी मला आज पटत नाही. बाईवर सगळा दोष ढकलण्याचा तो जुना मार्ग आहे. तरी डॉ. श्रीराम लागूंच्या चेहऱ्यावरून गुरुजीपणा थराथराने उतरत जाताना दिसतो आणि जगदीश खेबुडकरांच्या शब्दांना राम कदमांनी दिलेल्या चाली फड जिवंत करतात. चित्रपटाचा उपदेश जुना झाला, पण फडावरची प्रकाशयोजना आणि ढोलकी जुनी झाली नाही.

दुसरा आक्षेप असा की विषय आणि कारागिरी अशी फारकत करणंच खोटं. चांगल्या कलाकृतीत ती दोन्ही एकजीव असतात. बरोबर आहे, आणि म्हणूनच तक्रार पुरस्कारांच्या भाषेबद्दल आहे. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (१९६५) घ्या. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला, ‘मीठ भाकर’ तयार होऊनही जळला, तो भालजींनी पुन्हा केला. अशा माणसाने लोहार नवरा-बायकोची गोष्ट सांगितली तेव्हा तिच्यातला कष्ट पुस्तकी असणं शक्यच नव्हतं. चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं, साध्या जीवनाचं दर्शन म्हणून गौरव झाला. पण भाता, घण आणि ऐरण यांच्या लयीवर बांधलेलं खेबुडकरांचं गीत काढून टाका आणि पाहा काय उरतं. संगीत ‘आनंदघन’चं होतं, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर हे लोकांना राज्य पुरस्काराच्या समारंभात कळलं. त्या गाण्यात साधेपणाचा विषय आणि घणाचा ठेका वेगळे काढता येत नाहीत. मग गौरवपत्राने एकाचंच नाव का घ्यावं?

प्रेक्षकच खरा परीक्षक, पदकं ही चार माणसांची मतं, असंही कुणी म्हणेल. पण ‘सावकारी पाश’ला प्रेक्षकाने नाकारलं ते चूकच होतं, आणि ‘संत तुकाराम’ला उचलून धरलं ते योग्य; म्हणजे तिकीटबारीचा निकालही पदकाइतकाच तपासून घ्यावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच राजन गवसांच्या लेखनावर उभा राहिलेला राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ हे पदकाच्या बाजूचं त्यामानाने अलीकडचं उदाहरण. ५६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. माणसांना जोगता-जोगतीण म्हणून देवीला सोडण्याची प्रथा भीषण आहे आणि तिच्यावर बोट ठेवणं गरजेचंच होतं. मात्र त्याच वर्षी उपेंद्र लिमये यांना अभिनयासाठी आणि अजय-अतुल यांना संगीतासाठी जे वेगळे पुरस्कार मिळाले, ते चित्रपटाच्या जास्त जवळ पोचतात. लुगडं नेसायला भाग पडलेल्या पुरुषाच्या खांद्यात दिसणारा संकोच, जोगतिणींच्या रांगेत पाय घसटत चालणं, चौंडक्याच्या आवाजात मिसळलेलं रडणं, यांतून प्रथेची भीषणता प्रेक्षकापर्यंत जाते. पुरस्काराच्या नोंदीत ‘सामाजिक विषय’ एवढंच लिहिलं आहे. पुढच्या पिढीला ‘जोगवा’ पाहावासा वाटला तर तो त्या नोंदीबाहेर राहिलेल्या गोष्टींमुळे वाटेल.