त्रिपुरी पौर्णिमेला भेडाघाट

शुक्रवारी संध्याकाळी जबलपूरहून निघायचं, जैसलमेर पाहायचं आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं? कितीही गाड्या जुळवा, ते बसणार नाही. वाळवंट मोठ्या सुट्टीसाठी ठेवा. दोन दिवस हाताशी आहेत ना? मग शंभर वर्षं मागे सरका आणि तेरा मैलांवरच्या भेडाघाटला चला. उद्या त्रिपुरी पौर्णिमा आहे.

डोळे उघडता तेव्हा तुम्ही जबलपुरातल्या एका मराठी घराच्या स्वयंपाकघरात बसला आहात. चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतोय. आत्याबाई दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या लाटताहेत. तुमच्यापुढे खलबत्ता सरकवून त्या म्हणतात, "बघत काय बसलात? तीळ कुटा." ओसरीवर वेगळाच वाद चाललाय. मीरगंज स्टेशनपर्यंत आगगाडी आहे, मग बैलगाडी कशाला, असं काकांचं म्हणणं. आजोबा ऐकत नाहीत. गाडीत सगळं घर मावतं, गाद्या मावतात, वाटेत हवं तिथे उतरता येतं. शेवटी ठरतं, जाताना बैलगाडी, येताना रेल्वे. ही तडजोड होईपर्यंत दशम्यांची चळत फडक्यात बांधूनही झालेली असते.

पहाटे गाडीत चढता. खाली पेंढा, त्यावर सतरंजी, तरी प्रत्येक खड्डा कंबरेला कळतो. कार्तिकातली थंडी कानांत शिरते. मग गढ्याच्या पुढे उन्हं चढतात आणि शाल नकोशी होते. मदनमहालच्या टेकडीवर भलेमोठे गोल दगड एकमेकांवर तोललेले दिसतात. मागेपुढे गाड्याच गाड्या. वंगणाचा, शेणाचा, घामाचा वास, घुंगरांचा नाद, नाकातोंडात धूळ. ओळखपाळख नसलेल्या बाया शेजारच्या गाडीतून "नरमदे हर!" म्हणतात आणि तुमच्या गाडीतून तितक्याच मोठ्यानं उत्तर जातं. तेवरला बैलांना पाणी पाजायला थांबता. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. इथल्या घरांच्या भिंतींत जुने कोरीव दगड बसवलेत. एखाद्या देवतेच्या खांद्याला टेकून तुम्ही दशमी खाता.

भेडाघाटची जत्रा दिसण्याआधी तिचा वास येतो. तळणीतल्या तुपाचा, ओल्या झेंडूंचा, उकडलेल्या शिंगाड्यांचा. मग कोलाहल अंगावर येतो. कुणाचं पोर हरवलंय, कुणाचा बैल उधळलाय. लाखेच्या बांगड्या भरताना एक मुलगी कळवळते. शंखजिऱ्याच्या मऊ दगडातली पिंड तुम्ही हातात घेता, तर बोटांना पांढरी भुकटी लागते. गरम जिलबीचा पाक मनगटापर्यंत ओघळतो. पुसायला जागा नाही, कारण दोन्ही बाजूंनी माणसं चिकटलेली आहेत. मला विचाराल तर इथेच रेंगाळा, धुवांधार धबधबा कुठे पळून जात नाही.

चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या मात्र ऊन कलल्यावर चढा. वर गोल आवारात योगिनींच्या मूर्ती, बऱ्याचशा भंगलेल्या. मधल्या देवळात शंकर-पार्वती एकाच नंदीवर बसलेले. फार कमी ठिकाणी त्यांना असं जोडीनं प्रवासाला निघालेलं पाहायला मिळतं. आत्याबाई तिथे त्रिपुरवात लावतात. मागची रांग ढकलते, हात जोडायलाही धड वेळ मिळत नाही.

धुवांधारला आधी पायाखालची जमीन थरथरते, मग तुषारांनी चेहरा भिजतो. शेजारचा माणूस ओरडून काहीतरी सांगतोय. तुम्ही नुसती मान हलवा.

रात्री नावेत बसताच नावाडी पहिलं सांगतो ते बिडी विझवायला. कड्यांना मधमाश्यांची पोळी लटकताहेत. रेल्वेची पाहणी करणारे दोन साहेब एकदा त्यांच्या तावडीत सापडले. पाण्यात उडी टाकूनही बॉडिंग्टन साहेब वाचला नाही, बुडाला. हे ऐकून काका कानटोपी खाली ओढतात. संगमरवराचे कडे दोन्हीकडून जवळ येत जातात. कुठे दुधाळ, कुठे निळसर, कुठे काळपट. बंदरकुदनीशी तर माकड या कड्यावरून त्या कड्यावर उडी मारेल, इतके जवळ. द्रोणांतले दिवे नावेला घासून जातात आणि आत्याबाई हळूच पदर आवरून घेतात.

झोप कसली! शेकोट्या, भजनं, खोकला, रडणारी मुलं. पहाटे नर्मदेत बुडी मारलीत की अंगात वीज शिरते आणि दात वाजायचे थांबत नाहीत. ओलं धोतर खांद्यावर टाकून मीरगंजकडे धावा, कारण सारी जत्रा त्याच गाडीला निघाली आहे. तिसऱ्या वर्गाच्या दारात ऊस आडवे आलेत, आतून कुणीतरी "आओ, आओ" म्हणत तुमचा हात धरून ओढतं, मागून काका गाद्यांची वळकटी तुमच्या पाठीवर ढकलतात, आणि आत्याबाई फलाटावरूनच विचारताहेत, तिळाच्या चटणीचा डबा कुणाकडे आहे?