अद्भुतरम्य पटकथालेखन

अद्भुतरम्य पटकथालेखन म्हणजे वास्तवात न घडणाऱ्या घटना, अलौकिक पात्रे किंवा कल्पित सृष्टी यांवर आधारलेल्या चित्रपटाची पटकथा लिहिणे होय. कथाबीज शोधणे आणि कल्पित सृष्टीचे नियम ठरवणे ही या लेखनाची दोन प्रमुख अंगे आहेत. अद्भुत शक्तीला मर्यादा नसेल, तर नायक कोणत्याही संकटातून केव्हाही सुटू शकतो. मग त्याच्या धडपडीला अर्थ उरत नाही व प्रेक्षकाची उत्कंठा संपते. म्हणून शक्ती कोणाला, कशी आणि कोणत्या मोबदल्यात मिळते, हे आधीच निश्चित करावे लागते.

परंपरा

नियमांनी बांधलेले अद्भुत भारतीय कथापरंपरेत जुने आहे. वेताळपंचविशीत उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. आणि तो बोलला, तर वेताळ पुन्हा झाडावर जाणार. या दुहेरी अटीवरच कथांची संपूर्ण मालिका उभी आहे. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागर' या ग्रंथात या कथा आढळतात. त्याचा आधार असलेल्या 'बृहत्कथे'चा कर्ता गुणाढ्य याचा संबंध परंपरेने प्रतिष्ठान (पैठण) येथील सातवाहन राजसभेशी जोडला जातो. मराठी व्रतकहाण्यांतही घेतलेला वसा टाकल्यास वैभव जाते आणि तो पुन्हा पाळल्यास परत येते.

प्रेरणा

लोककथा, दैवतकथा, भयकथा, ओसाड वाडे आणि गावोगावच्या दंतकथा ही कथाबीजाची नेहमीची उगमस्थाने आहेत. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) हा हिंदी चित्रपट याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. नागझिरा अभयारण्यात १९९३ मध्ये एका मित्राने बर्वे यांना नारायण धारप यांची एक भयकथा ऐकवली व तेथून या चित्रपटाची कल्पना रुजली. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतले आहे. कथानक मात्र त्या कादंबरीचे नाही. मितेश शाह, आदेश प्रसाद, बर्वे आणि आनंद गांधी यांनी या पटकथेसाठी हस्तर नावाच्या शापित देवाची स्वतंत्र दैवतकथा रचली. ऐकलेली गोष्ट येथे केवळ ठिणगी ठरली.

नियमांची आखणी

'तुंबाड'मधील हस्तराला सोने मिळाले आहे, पण अन्न मिळालेले नाही. त्यामुळे तो सदैव भुकेला असतो. त्याच्या विहिरीत उतरणारा माणूस स्वतःभोवती पिठाचे रिंगण आखतो. कणकेची बाहुली पुढे करून हस्तर ती खाण्यात गुंतला असता त्याच्या लंगोटीतील मुद्रा काढून घेतो. हस्तराचा स्पर्श झालेल्याला मरण येत नाही, तो यातना भोगत जिवंत राहतो. प्रत्येक फेरीत थोड्याच मुद्रा हाती लागतात, म्हणून लोभी विनायक वारंवार विहिरीत उतरतो. अखेरीस एकाच वेळी अनेक बाहुल्या नेल्या जातात, तेव्हा बाहुल्यांइतकेच हस्तर अवतरतात. हा उत्कर्षबिंदू बाहेरून आणलेला नाही. आधी सांगितलेल्या नियमाचाच तो परिणाम आहे. येथे नियम आणि लोभ हा कथाविषय एकरूप झाले आहेत.

महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या मराठी चित्रपटात तात्या विंचू या गुन्हेगाराचा आत्मा मृत्युंजय मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. मनुष्यदेह मिळवायचा, तर ज्याला त्याने आपली ओळख प्रथम सांगितली, त्याच्याच शरीरात त्याला प्रवेश करावा लागतो. त्याचा अंत केवळ भुवयांच्या मध्ये गोळी लागल्याने होतो. पहिल्या नियमाने नायक संकटात सापडतो, दुसऱ्याने त्याची सुटका शक्य होते. केदार शिंदे यांच्या 'अगं बाई अरेच्चा!' (२००४) या चित्रपटात एकच अद्भुत बाब आहे: नायकाला स्त्रियांच्या मनातील विचार ऐकू येतात. उर्वरित जग नित्याचेच राहिल्याने विनोद आणि नायकातील बदल या दोहोंना जागा मिळते.

पटकथेतील मांडणी

नियम थोडे आणि स्पष्ट असणे सोयीचे ठरते. ते लांबलचक संवादांतून सांगण्याऐवजी प्रसंगातून दाखवल्यास प्रेक्षकाच्या लक्षात राहतात. संकटातून सोडवणारा नियम शेवटच्या प्रसंगात प्रथमच सांगितला, तर तो पळवाट वाटतो. म्हणून त्याची सूचना पूर्वार्धात द्यावी लागते. पात्राने नियम मोडल्यास त्याची किंमत मोजावी लागते. लेखकाने मात्र तो मोडून चालत नाही. कारण त्यामुळे सृष्टीवरील प्रेक्षकाचा विश्वास उडतो.

स्वामित्वहक्क

आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले, की कल्पना, विषय किंवा दंतकथा यांवर स्वामित्वहक्क नसतो. तो त्यांच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर असतो. त्यामुळे लोककथेचा आधार कोणालाही घेता येतो. परंतु हक्क अबाधित असलेल्या कथेचे रूपांतर करण्यासाठी हक्कधारकाची परवानगी आवश्यक असते. भारतात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत व सर्वसाधारणपणे त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो.