दोन व्याकरणं, एक फळा

पाचवीत आल्यावर पहिल्यांदा इंग्रजी मुळाक्षरं गिरवणाऱ्या शेवटच्या काही तुकड्यांपैकी आपली एक. २००० सालापासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालं. त्याच वर्गात, त्याच फळ्यावर आपण आणखी एक व्याकरण शिकलो: गाण्याचं. या दोन्ही गोष्टी शाळेपर्यंत पोहोचल्या कशा, हे पाहण्यासारखं आहे.

१८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापून आलं. संस्कृताबरोबरच इंग्रजी व्याकरणाची मांडणीही त्यांच्यासमोर होती. म्हणून बाईंनी ‘नाऊन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद’ असं सांगितलं की आपल्याला ते ओळखीचं वाटायचं. गाडी अडायची ती प्रयोगापाशी. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद आंब्याच्या मागे जातं. आंब्याऐवजी पोळी आली की ‘खाल्ली’ होतं. इंग्रजीत मात्र तेच वाक्य ॲक्टिव्ह व्हॉइस. आणि ‘रामाने रावणास मारले’ यातल्या भावे प्रयोगाला तर तिकडे जोडच नाही. हा गोंधळ आपल्या डोक्यातला नव्हता, दोन भाषांच्या घडणीतलाच होता.

गाण्याचं व्याकरण फळ्यावर यायला आणखी बराच काळ लागला. चिजा घराण्यांत जपल्या जात आणि गुरूच्या घरी राहून शिकाव्या लागत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात आणलं. पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी गावोगावच्या गवयांकडून चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांत छापल्या. ज्यांच्या घरी कधी तंबोरा नव्हता, अशा आपल्यासारख्या पोरांना त्यामुळेच भूप कळला.

क्रमही नीट लावलेला होता. आधी सरगमगीत, त्यात नुसते स्वर. मग लक्षणगीत. त्याचे शब्दच रागाचे नियम सांगतात: भूपात म आणि नी वर्ज्य, ग वादी, ध संवादी. मग स्थायी-अंतऱ्याचा छोटा ख्याल, आणि अर्थाचं ओझं नसलेला तराणा. नियम पाठ करावे लागले नाहीत, ते गाता गाता गळ्यात बसले.

इंग्रजीला असं लक्षणगीत नव्हतं. वाक्याचा व्हॉइस आपण बिनचूक बदलायचो, पण कॉलेजात कुणी सहज चार वाक्यं विचारली की मराठी माध्यमातली हुशार मुलंही गप्प व्हायची. कित्येकांना तेव्हा वाटलं, आपणच कमी. कमी होता तो कानावर पडणारा आणि तोंडाने बोलायचा भाग. संगीताच्या तासाला तोच आधी असायचा आणि नियमांची नावं मागून यायची.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला संगणक द्यावेत, असं आपल्यापैकी बरेच जण सुचवतील. मी त्याच व्यवसायातली, माझा विरोध नाही. पण सोबत एक चांगली बाजाची पेटी द्यावी, संगीताचा तास वेळापत्रकात टिकावा, आणि आठवड्यातून एक इंग्रजीचा तास वह्या मिटून फक्त बोलण्याचा असावा. घरात इंग्रजीही नाही आणि गाणंही नाही, अशी मुलं आजही आपल्या शाळेत येतात. त्यांना या दोन्ही गोष्टी मिळायची जागा शाळाच आहे.