सीमा बदलायची तर विधेयक येतं कुठून?

हुबळी-धारवाड : सीमाप्रश्न तापला की विधानसभांत ठराव होतात. डिसेंबर २०२२ मध्ये आधी बेळगावात कर्नाटकाने आणि आठवड्याच्या आत नागपुरात महाराष्ट्राने ठराव केला. ठरावाने मात्र एका गावाचीही हद्द हलत नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३ ने संसदेला दिलाय आणि त्यासाठी विधेयकच लागतं.

एरवी कुठलाही खासदार महिनाभर आधी नोटीस देऊन खासगी विधेयक आणू शकतो. लोकसभेत त्यासाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते. सीमेच्या विधेयकाला एवढं पुरत नाही. राष्ट्रपतींची शिफारस नसेल तर ते सभागृहात मांडताच येत नाही. राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, म्हणजे किल्ली केंद्र सरकारच्याच हातात!

विधेयक मांडण्याआधी ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवावं लागतं. त्यासाठी मुदत ठरवून देण्याची सोय डिसेंबर १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने झाली. मुदत संपली आणि मत आलं नाही, तरी विधेयक अडत नाही.

लगेच पुढच्या वर्षी राज्य पुनर्रचना विधेयक आलं. आपला धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात, त्यामुळे इथल्या लोकांच्या वतीने मत दिलं ते मुंबईच्या विधिमंडळाने. १८ एप्रिल १९५६ रोजी विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. त्यात महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे, मुंबई केंद्रशासित, असा प्रस्ताव होता. नंतर संसदेने तो बदलून द्विभाषिक मुंबई राज्य केलं. या नव्या योजनेवर विधिमंडळाला परत विचारलं नाही, म्हणून बाबुलाल पराते कोर्टात गेले. मूळ प्रस्तावावर मत मागवलं की झालं, दुरुस्तीवर पुन्हा विचारायची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये दिला. याच कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड, विजापूर, कारवार आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव म्हैसूर राज्यात गेले.

विधिमंडळाने विरोध केला तर? तेलंगणाच्या वेळी आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विधेयक आवाजी मतदानाने फेटाळलं. फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केलं. कलम ४ नुसार असा कायदा घटनादुरुस्ती मानला जात नाही, त्यामुळे दोन्ही सभागृहांत साधं बहुमत पुरतं.