मद्याचा कर्ता कोण? : कॅनडातील किण्वनगृहे आणि अबकारी कायदा

घरच्या उपयोगासाठी घरीच केलेल्या मद्यावर राज्यसत्तेचा अधिकार कोठवर चालावा, हा अबकारीच्या इतिहासातील जुना वाद आहे. इंग्लंडमध्ये १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरील कर उठवून तो बिअरवर बसविला, तेव्हा घरगुती बिअर करणाऱ्यासही परवाना घेणे प्राप्त झाले. हे बंधन १९६३ च्या अंदाजपत्रकात मॉडलिंगने काढून टाकले. अमेरिकेत घरगुती बिअरला मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्याने, आणि तीही प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १०० गॅलन अशा मर्यादेने.

या सर्व सवलतींच्या मुळाशी एक न बोललेले गृहीत होते. मद्य करणारा आणि पिणारा एकच, आणि करण्याची जागा म्हणजे त्याचे घर. कॅनडात १९८० नंतरच्या दशकात या गृहीतालाच धक्का बसला. ऑन्टॅरिओ, ब्रिटिश कोलंबिया इत्यादी प्रांतांत अशी दुकाने निघाली की, तेथे गिऱ्हाइकाने द्राक्षरस किंवा माल्टचा अर्क विकत घ्यावा, दुकानाच्याच पात्रात तो आंबत ठेवावा आणि काही आठवड्यांनी बाटल्या भरून घरी न्याव्या. मद्यविक्री बव्हंशी प्रांतिक सरकारांच्या हाती असलेल्या त्या देशात हा प्रकार महसुलाच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हता. दुकानदार मद्य विकतो म्हणावे, तर त्याने विकला तो केवळ रस. विकत नाही म्हणावे, तर त्याच्या दारातून भरलेल्या बाटल्या बाहेर पडतात.

कायद्याने या पेचातून काढलेला मार्ग लक्षणीय आहे. रसात यीस्ट पडेपर्यंत तो रसच असतो. म्हणून यीस्ट घालणारा हात तोच कर्त्याचा हात, असे ठरविण्यात आले. ऑन्टॅरिओच्या २००० सालच्या नियमांचा रोख हाच होता. गिऱ्हाइकाने पैसे आधी भरावे, किण्वनाचा आरंभ स्वतः करावा आणि बाटल्याही स्वतः भराव्या; तयार मद्य दुकानदाराने विकता कामा नये. पुढे संघराज्याच्या २००१ च्या अबकारी कायद्याने वाइनच्या अशा जागांना नोंदणी सक्तीची केली. ऊर्ध्वपातित मद्याला मात्र या सवलतीत कोठेच स्थान मिळाले नाही.

वस्तुतः मद्याचा कस ठरतो तो मधल्या आठवड्यांत. तापमान राखणे, गाळ काढणे, गाळणे ही कौशल्याची कामे दुकानदारच करतो. कायद्याने आरंभ आणि शेवट तेवढे गिऱ्हाइकाकडे दिले व मधल्या श्रमांकडे डोळेझाक केली. अमेरिकन नियम याहून कडक आहेत. तेथे दुकानदाराने जागा, उपकरणे व सल्ला द्यावा, पण बिअर करण्यास वा भरण्यास प्रत्यक्ष हात लावू नये. कॅनडाची व्यवस्था तर्कदृष्ट्या अधिक लंगडी असली, तरी व्यवहारात तीच अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. कारण आठवड्यातून एकदाही दुकानात न फिरकणाऱ्या गिऱ्हाइकाची वाइन कोणीतरी सांभाळतच असतो, हे ती निदान नाकारीत नाही.