इलेक्ट्रॉनिक गिअरची सायकल आवाज का करते?

जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीचा एक टप्पा पुरंदरहून बारामतीला आला होता. अशा शर्यतींतल्या बहुतेक सायकलींना आज तारेचे गिअर नसतात. हँडलवरचे बटण दाबले की मागच्या डिरेलरमधली छोटी मोटर चेन एका चकतीवरून दुसरीवर नेते. शिमानोने २००९ च्या सुमारास ‘डीआय-टू’ ही प्रणाली बाजारात आणली, पुढे कॅम्पाग्नोलो आणि स्रॅमही आले. आता हौशी सायकलस्वारांकडेही हे गिअर दिसतात.

अडचण येते ती सायकल करकर करू लागल्यावर. कऱ्हाटी, मोरगाव, इंदापूर अशा भागात गावातल्या सायकल दुकानात ही प्रणाली हाताळलेला माणूस मिळेलच असे नाही. मग मोटर गेली असे समजून महागडा डिरेलर बदलायचा विचार सुरू होतो. खरे तर मोटर क्वचितच दोषी असते.

आधी आवाज कुठे येतो ते पाहावे. मागचे चाक उचलून धरायचे, पेडल हाताने पुढे फिरवायचे आणि एकेक गिअर बदलत कान द्यायचा. सगळ्याच गिअरमध्ये सारखा खरखराट असेल तर चेन कोरडी किंवा मळलेली आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर माती येते. ती चेनच्या तेलात मिसळली की घासकागदासारखे काम करते. अशा चेनवर नुसते वरून तेल सोडणे म्हणजे रोगाला खाऊ घालणे. चेन आणि डिरेलरची दोन छोटी चाके पुसून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच मोजके तेल लावावे. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मात्र बेअरिंगवर मारू नये.

छोट्या चकत्यांवर गिअर शांत आणि मोठ्यांवर गेल्यावर टकटक, असे असेल तर संशय हँगरवर घ्यावा. डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ धातूचा करतात. सायकल उजव्या अंगावर पडली किंवा टेम्पोत इतर सामानाखाली दबली की तो वाकतो, आणि डोळ्यांना ते दिसेलच असे नाही. इथे चालढकल धोक्याची आहे. वाकलेल्या हँगरवर चढणीसाठी सर्वांत मोठ्या चकतीवर गेल्यास डिरेलर चाकाच्या तारांत अडकून चाक जागीच थांबू शकते. हँगर तपासायचे खास हत्यार असते. ते नसेल तर आपल्या मॉडेलचा नवा हँगर घालणे सोपे. त्याची किंमत डिरेलरपुढे किरकोळच.

एवढे झाल्यावरच बारीक जुळवणी. शिमानोच्या सायकलवर ठरलेले बटण थोडे दाबून धरले की जुळवणीचा मोड सुरू होतो. पाचव्या चकतीवर चेन ठेवून डिरेलर आतल्या बाजूला सरकवत जायचे. शेजारच्या मोठ्या चकतीला चेन घासून हलका आवाज येऊ लागला की थांबायचे आणि मग साधारण चार टप्पे बाहेर यायचे. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावा. बटण फार वेळ दाबले तर दुसरेच काम सुरू होते: पडल्यावर मोटरचे संरक्षण करणारी यंत्रणा पूर्ववत करण्याचे. पडल्यानंतर मागचा गिअर हलतच नसेल, तर आधी हेच करून पाहावे.

पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकत्र वापरल्यास चेन तिरकी चालते. तो आवाज बिघाडाचा नाही. एखाद्याच चकतीवर चेन उडी मारत असेल तर मात्र चेन किंवा ती चकती झिजलेली असते; चेनची झीज मोजायची पट्टी स्वस्तात मिळते. चाक बदलल्यावर आवाज सुरू झाला असेल तर फक्त बारीक जुळवणी पुन्हा करावी लागते, कारण दोन चाकांवरच्या कॅसेट नेमक्या एकाच जागी बसत नाहीत.

बॅटरी संपत आल्याने खरखर होत नाही. तेव्हा डीआय-टूमध्ये आधी पुढचे गिअर बंद पडतात, मागचे नंतर.