घरच्या आसऱ्याला वाढलेली मिरची

रोहिणी नक्षत्र लागले की आपल्याकडे मिरचीच्या रोपाची तयारी सुरू होते. विहिरीजवळची किंवा परसातली चांगली जागा पाहून गादीवाफा करायचा, त्यात कुजलेले शेणखत मिसळायचे, बोटाने रेघा ओढून बी टाकायचे आणि वर वाळल्या गवताचा पातळ थर पसरायचा. शेतात पेरणीची धांदल चाललेली असते, तेव्हा हा चार हातांचा वाफा बहुधा घरच्या बायकांच्या नजरेखाली वाढत असतो. एवढ्या नित्याच्या कामात इतिहास तो कसला, असे कोणीही विचारील. पण मिरचीचा चारशे-पाचशे वर्षांचा प्रवास समजून घ्यायचा असेल, तर जहाजांच्या अगोदर या वाफ्याकडेच पाहावे लागते. ते कसे, हे आज सांगणार आहे.

प्रथम एक कोडे. अरणच्या संत सावता माळी यांच्या नावाने एक अभंग महाराष्ट्रभर गायला जातो. मळ्यातल्या भाज्यांतच विठ्ठल पाहणारा तो अभंग शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो. त्यात मिरचीचे नाव येते. सावतोबांचा समाधिकाळ परंपरेने १२९५ हा मानतात. आता एखाद्या चौकस मुलाने विचारले, "गुरुजी, मिरची तर पोर्तुगीजांनी आणली म्हणतात, मग ती सावतोबांच्या मळ्यात कशी?" तर उत्तर काय द्यायचे? शिक्षकबंधूंनी हा प्रश्न टाळू नये. इतिहास शिकवायला याहून चांगला प्रश्न सहसा मिळत नाही.

उत्तरासाठी पुरावे तपासू. पहिला पुरावा भाषेचा. मिरी आपल्या देशाची. मलबारच्या वेलींवर ती फार पुरातन काळापासून पिकते. संस्कृतात तिला मरिच म्हणतात. 'मिरची' हा शब्द याच कुळातला. कोकणात आणि गोव्यात मिरसांग म्हणतात, म्हणजे मिऱ्याची शेंग. तमिळमध्ये मिळगाय आणि कानडीत मेणसिनकायि म्हणतात. दोन्हींचा अर्थ मिऱ्याचे फळ. पाहा, एवढ्या भाषा, पण या फळाला स्वतःचे असे जुने नाव एकीतही नाही! घरात नवा पाहुणा आला, की ओळखीच्या माणसाचे नाव सांगून त्याची ओळख करून द्यावी, तसे हे झाले.

दुसरा पुरावा मुदपाकखान्याचा. अबुल फजलच्या 'आईन-ई-अकबरी'त, म्हणजे १५९० च्या सुमारास, बादशाही पदार्थांची यादी त्यांच्या सामानासह दिली आहे. त्यात तिखटपणासाठी मिरी आहे, आले आहे. मिरची नाही.

तिसरा पुरावा रानातला. ज्या देशात एखादे पीक मूळचे असते, तिथे त्याची रानटी भावंडेही सापडतात. मिरचीची रानटी भावंडे सापडतात ती अमेरिका खंडात. मेक्सिकोतल्या गुहांत उत्खनन झाले, तेव्हा तिथल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी खाल्लेल्या मिरच्यांचे अवशेष मिळाले. इंग्रजीतला 'चिली' हा शब्दही मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून आलेला आहे.

तेव्हा निकाल स्पष्ट आहे. तेराव्या शतकात आपल्याकडे ही मिरची नव्हती. मग अभंग खोटा का? मुळीच नाही. अभंग हा तोंडातोंडी चालत आलेला ठेवा. गाणाऱ्यांनी तो आपल्या मळ्यात आणून म्हटला आणि म्हणता म्हणता मळ्यातली नवी भाजी त्यात येऊन बसली, असे मानणे सयुक्तिक आहे. सावतोबांचे मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. उलट आपल्याला एक मोलाची गोष्ट कळते: परदेशातून आलेले हे झाड आपल्या माणसांनी इतके आपले मानले, की ते परके होते हेच विसरून गेले.

आता हे झाड आले कसे? कोलंबस १४९२ मध्ये मिऱ्यांच्या शोधात निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. तिथल्या लोकांच्या जेवणात त्याला 'अही' नावाचे तिखट फळ दिसले. जानेवारी १४९३ मध्ये त्याने आपल्या रोजनिशीत नोंद केली, की ही या लोकांची मिरी आहे. पुढे १५०० मध्ये पोर्तुगीज ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले आणि १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. ब्राझील, आफ्रिका आणि गोवा या त्यांच्या जलमार्गाने सोळाव्या शतकात मिरची आपल्याकडे उतरली. तिचे 'गोवाई मिरची' असे जुने नाव नोंदलेले आहे. ती कोणत्या दाराने आत आली, हे त्या नावातच आहे.

याच काळात ती युरोपात कशी पोहोचली, ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीत ट्युबिंगेन येथे लेओनहार्ट फुक्स नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांनी १५४२ मध्ये वनस्पतींवर मोठा सचित्र ग्रंथ छापला. त्यात मिरचीची चित्रे आहेत आणि नाव दिले आहे 'कालिकतची मिरी'! म्हणजे आपण तिला गोव्याची म्हणत होतो आणि जर्मन लोक आपल्या कालिकतची. फुक्स यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. हे झाड थोड्याच वर्षांपूर्वी जर्मनीत आले असून लोक ते मातीच्या कुंड्यांतून लावतात, असे ते सांगतात.

कुंडीत का? शेतात का नाही? इथे आपल्याला बियाकडे वळले पाहिजे. मिरचीचे बी उबेचे भुकेले आहे. पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस उष्णता मिळाली तर ते आठ-दहा दिवसांत डोके वर काढते. गारठा असेल तर तीन-तीन आठवडे मातीत पडून राहते आणि पुष्कळदा तिथेच कुजते. रोप झाले तरी एका रात्रीच्या हिमाने ते काळे पडते. जर्मनीचा उन्हाळा लहान. उघड्यावर बी टाकून बसले तर फळ धरेपर्यंत थंडी दारात उभी. म्हणून तिथे कुंडी हवी, जी उन्हात ठेवता येईल आणि गारठा पडला की आत घेता येईल. पुढे युरोपच्या माळ्यांनी आणखी एक युक्ती वापरली. घोड्याच्या ताज्या लिदीचा थर खड्ड्यात दाबायचा, त्यावर माती घालून बी पेरायचे आणि वर काचेची झाकणी ठेवायची. लीद कुजताना तापते आणि ती ऊब खालून बियाला मिळते. बाहेर बर्फ असताना आत मिरचीचे रोप तयार! हंगेरीसारख्या थंड मुलखात मिरची हे राष्ट्राचे पीक होऊन बसले, ते उन्हाळ्याच्या अगोदर आसऱ्याला वाढवलेल्या अशा रोपांच्या जोरावर. त्याच हंगेरीतल्या सेगेद गावी आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर काढले आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रोपाला आसरा देण्याची ही रीत माणसाने काढली असे मात्र समजू नका. रानात ती अगोदरपासून आहे. मिरचीचा तिखटपणा हा बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतो. उंदीर किंवा हरीण यांना तो झोंबतो, म्हणून ते तिच्या वाटेला जात नाहीत. पक्ष्यांना तो जाणवतच नाही. हे झाडाच्या फायद्याचेच आहे, कारण दातांचे प्राणी बी चावून टाकतात, तर पक्ष्यांच्या पोटातून ते सुखरूप बाहेर पडते. अमेरिकेतल्या ॲरिझोना भागात रानमिरचीचा अभ्यास करून दोघा शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये हे दाखवून दिले. पक्षी फळे खाऊन दुसऱ्या एखाद्या झुडपावर जाऊन बसतो, बी त्या झुडपाखाली पडते आणि त्याच्याच सावलीत रोप उन्हापासून बचावते. तेव्हा झुडूप, कुंडी, काचेची झाकणी आणि आपला गादीवाफा ही सगळी एकाच गरजेची रूपे आहेत.

आपल्याकडे ऊब मुबलक. मग आसरा कशाला? कारण इथे शत्रू वेगळे आहेत. मेअखेरचे ऊन कोवळा कोंब करपवते, वळवाचा पाऊस बी वाहून नेतो आणि पाणी साचले की रोपे बुडाशी सडून कोलमडतात. त्याला आपण मर म्हणतो. म्हणून वाफा वितभर उंच करायचा, म्हणजे पाणी निथळते. म्हणून वर गवत पसरायचे आणि कोंब दिसले की ते अलगद काढून घ्यायचे. पाच-सहा आठवडे असे सांभाळले, की वीतभर उंचीची रोपे लावणीला तयार होतात. परमुलखातून आलेल्या पिकाला आपल्या हवेत रुजवण्याची खरी कामगिरी या पाच-सहा आठवड्यांत झाली. पोर्तुगीजांनी मूठभर बी किनाऱ्यावर उतरवले असेल. ते घाटावर चढवले, गावोगाव पोचवले ते रोप जगवणाऱ्या हातांनी.

याच हातांनी आणखी एक काम केले, ते म्हणजे बी राखण्याचे. तोडणीच्या वेळी निरोगी झाडाची, भरदार, झाडावरच पिकून लाल झालेली फळे बाजूला काढायची, सावलीत वाळवायची आणि बी पुढच्या सालासाठी जपून ठेवायचे. कोणी रंग पाहिला, कोणी तिखटपणा, कोणी पावसात टिकणारे झाड. अशा निवडीतून गावागावांची मिरची निराळी झाली. तिखटजाळ लवंगी झाली, विदर्भात भिवापुरी झाली. सीमेपलीकडे संकेश्वरी आणि सुरकुतलेली, रंगाला गडद पण जिभेला सौम्य अशी ब्याडगी झाली. गोव्यात काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर येणारी खोल्याची मिरची झाली. यांतल्या ब्याडगीला २०११ मध्ये आणि खोल्याच्या मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे बी निवडले, त्यांची नावे मात्र कोणत्याच कागदावर नाहीत.

आज रोप वाढवण्याची रीत बदलली आहे. शेडनेटखाली, प्लॅस्टिकच्या ट्रेच्या लहान लहान कप्प्यांत, नारळाच्या काथ्याच्या भुशात एकेक बी टाकतात. बारीक जाळीमुळे फुलकिडे आणि पांढरी माशी आत शिरत नाहीत, त्यामुळे चुरडा-मुरडा रोगाची बाधा कोवळ्या वयात कमी होते. मुळे न दुखावता रोप लावता येते. ही सुधारणा चांगली आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. फुक्स यांच्या कुंडीचाच हा पुढचा अवतार म्हणा ना!

पण ट्रेमध्ये पडणारे बी आता बहुधा दुकानातून येते आणि पुष्कळदा ते संकरित असते. त्याचे उत्पन्न भरघोस येते, हे खरे. परंतु त्याच्या फळातून धरलेले बी पुढच्या साली मूळचे गुण राखत नाही; ते दरसाल विकतच घ्यावे लागते. एकदा विकत घ्यायची सवय लागली, की घरचे बी मागे पडते. आणि मिरचीचे बी काही सोने नव्हे, की पुरून ठेवले आणि पन्नास वर्षांनी काढले. साध्या घरात दोन-तीन वर्षांनंतर त्याची उगवण झपाट्याने घटते. म्हणजे एखाद्या गावाने आपल्या मिरचीचे बी चार-पाच वर्षे धरले नाही, तर तीनशे वर्षांची निवड संपली. तिची कोणी बातमीही छापणार नाही.

म्हणून शेतकरी बंधुभगिनींना एवढेच सुचवतो. शेतात कोणतेही वाण लावा, पण परसात आपल्या गावच्या मिरचीची दहा-वीस झाडे ठेवा. ती दुसऱ्या वाणांपासून लांब असू द्या, कारण मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात आणि बी मिसळते. बी धरायचे ते एकाच झाडाचे धरू नका. चांगल्या पाच-सहा झाडांचे धरा.

आणि शिक्षकांना एक काम. एक जुना डबा घ्या, बुडाला चार भोके पाडा, माती आणि शेणखत भरा. गावातल्या एखाद्या आजीबाईंकडून घरचे बी मागून आणा, अर्ध्या बोटाच्या पेराएवढे खोल टाका आणि डबा वर्गाच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. पाणी शिंपडायचे, ओतायचे नाही. कोंब दिसताच डबा खिडकीशी उजेडात आणा, नाहीतर रोपे लांबुडकी आणि लेची होतात. कोंब कोणत्या दिवशी आला, पाने कधी फुटली, हे मुलांना वहीत लिहू द्या. त्याच वहीत त्या बियाचे गावातले नाव, ते कोणाकडून आले आणि त्यांच्याकडे कुठून आले, हेही लिहून घ्या. मेक्सिकोपासून आपल्या गावापर्यंतच्या वाटेचा शेवटचा टप्पा कोणत्याच ग्रंथात लिहिलेला नाही. तो फक्त त्या आजीबाईंना ठाऊक आहे, आणि त्या आहेत तोवरच विचारून घेता येईल.